डबीतला चपटा चिंचोका

एक गोष्ट मी बरीच वर्षे मनात दडवून ठेवली होती. सांगायला ती अगदी थोडी आहे. पगारे बाईंच्या तपकिरीच्या डबीत दोन चिंचोके असत. डोळे मिटून त्यांतला एक उचलायचा असे. आणि एका संध्याकाळी मी डोळे मिटले खरे, पण बोटे जागी ठेवली. मला हवा तो चिंचोका मी चाचपून घेतला. एवढेच. ऐकणाऱ्याला हसू येईल, आणि यावे. बाईंविषयी लिहिलेले वाचून कुणी हसले नाही, तर लिहिणाराच चुकला असे मी समजेन. परंतु त्या चिंचोक्यापायी एका शाळेला तिची हक्काची मुख्याध्यापिका मिळाली नाही, हेही आरंभीच सांगून टाकतो.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी नाशिकच्या त्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून लागलो. पगारे बाई तिथे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवीत. उंची बेताची, निळ्या काठाचे पांढरे पातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. नाशिकरोडच्या बाजूच्या कामगार वसाहतीतून त्या सायकलवर येत. वसाहतीत बहुतेक घरे बौद्ध कामगारांची. तिथून शिकून शिक्षिका झालेल्या बाई पहिल्याच. सायकलच्या पुढच्या टोपलीत पुस्तके असत, आणि पुस्तकांवर दोन वस्तू ठेवलेल्या असत: टेबलावर ठेवायची एक पितळी घंटी, आणि तपकिरीची ती डबी.

डबी त्यांच्या सासऱ्यांची. सासऱ्यांनी तपकीर सोडल्याचे जाहीर केले त्याच दिवशी बाईंनी डबी मागून घेतली. त्यांचा निश्चय टिकावा हा एक हेतू, आणि आपल्याला डबी हवी होती हा दुसरा. घासूनपुसूनही तिचा जुना वास गेला नव्हता. त्यामुळे आमच्या शाळेतील बहुतेक भाषणांचा आरंभ शिंकेने होई.

दर शनिवारी शेवटच्या तासाला बाईंची वादसभा भरे. डबीत दोन चिंचोके: एक जसाच्या तसा तपकिरी, दुसरा फरशीवर घासून पांढरा केलेला. तपकिरी आला तर ठरावाच्या बाजूने बोलायचे, पांढरा आला तर विरुद्ध. आपले मत काय आहे हे विचारण्याची पद्धतच नव्हती. "आपल्या मनातलं कुणीही बोलतं," बाई म्हणत. "समोरच्याच्या मनातलं बोलून दाखवा, मग मी तुम्हाला शिकलेले म्हणेन." आणि स्वतःचे मत भाषणात डोकावू देणे हा तर त्यांच्या लेखी गुन्हाच. "ते म्हणजे उत्तरपत्रिकेवर घरचा पत्ता लिहिण्यासारखं आहे," असे त्या सांगत. वेळ संपत आली की घंटी एकदा वाजे. संपली की दोनदा. तिसऱ्यांदा वाजवण्याची वेळ आजवर कुणी आणली नव्हती.

मी रुजू झालो त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत, नव्या माणसाने मत द्यावे म्हणून मी दिले, की छडीवाचून शिस्त लागत नाही. बाईंनी वह्या तपासता तपासता मान वर केली. "छान. आता छडी नको, यावर बोला."

"पण माझं मत तर..."

"ते ऐकलं मी. आता दुसरं ऐकवा." आणि त्यांनी घंटी पुढ्यात ओढली.

मी बोललो. बोलता बोलता मला ते इतके पटत गेले, की खोलीतून बाहेर पडताना माझी नवी कोरी छडी मी शिपायाला देऊन टाकली. त्या वर्षी माझ्या वर्गाने जो धुमाकूळ घातला, त्याचे श्रेय बाईंकडे जाते. मी त्यांना तसे म्हणालोही. त्या म्हणाल्या, "मग आता उलट बाजू मांडा," आणि मी घाईने तासाला निघून गेलो.

कुणी लांबण लावली की बाई एकच शब्द विचारीत: "मुद्दा?" हा प्रश्न त्या मुलांना विचारीत, पालकांना विचारीत, शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनाही विचारीत. पगारे साहेब, म्हणजे बाईंचे यजमान, सरकारी कचेरीत कारकून होते आणि फार थोडे बोलत. त्यांच्या घरी एकदा जेवायला गेलो असता आमटी अळणी झाली होती. साहेबांनी काही न बोलता ताटाशेजारची घंटी उचलून एकदा वाजवली, आणि बाईंनी मीठ आणून दिले. मला तो सुखी संसाराचा नमुना वाटला.

त्याच वसाहतीत दगडू नावाचा एक हमाल होता. तो पीत असे. त्याची बायको हौसा रोज संध्याकाळी त्याला ओट्यावरून हाका मारून सुनावी, आणि दगडू गल्लीतून तिला. एका रविवारी दोघेही न्याय मागायला बाईंच्या दारात आली. मी तिथेच बसलो होतो. बाईंनी डबी काढली नाही. "आज चिठ्ठी-चिंचोका काही नाही," त्या म्हणाल्या. "हौसा, तू दारूच्या बाजूनं बोल. दगडू, तू विरुद्ध."

"म्या? दारूच्या बाजूनं?" हौसा म्हणाली. "जीभ झडंल माझी, बाई!"

"नाही झडत. घंटी होईपर्यंत बोल."

हौसाने पदर खोचला. "दिसभर पोती वाहायची," तिने सुरुवात केली, "पाठीचा पार भुगा व्हतो. घरी यावं तर बायकू तोंड सोडून बसलेली. मानसानं जावं तरी कुठं? गुत्त्यात निदान कुनी वरडत तरी नाय." इथे ती थबकली. आपण काय बोललो ते तिचे तिलाच ऐकू आले असावे.

मग दगडू उठला. त्याने दारूविरुद्ध असे काही भाषण केले, की तसले मी पुढे व्याख्यानमालांतही ऐकले नाही. पोरगी शाळेतून काढावी लागली ते त्याने सांगितले, हौसाने दुसऱ्याच्या घरची भांडी घासली ते सांगितले, आणि घंटी दोनदा वाजली तरी तो थांबेना. डोळे पुसत म्हणाला, "बाई, हा दगड्या लय हलकट मानूस हाय बघा."

दगडूची दारू सुटली, असे लिहायला मला आवडले असते. सुटली आठवडाभर. पण हौसाचे ओट्यावरचे ओरडणे त्या दिवसापासून बंद झाले, आणि पोरगी पुन्हा शाळेत आली. "अर्धा खटला जिंकला," बाई म्हणाल्या.

आता त्या संध्याकाळकडे येतो. तिथे यायला मी नेहमीच उशीर लावतो.

आमचे जुने मुख्याध्यापक त्या वर्षी निवृत्त होणार होते. ज्येष्ठतेने बाईंचा क्रम पहिला. संस्थेचे चिटणीसही, गालात लवंग धरून, "पुढच्या वर्षी बाई आहेतच" असे सगळ्यांदेखत म्हणू लागले होते. वसाहतीत तर हार कुठल्या फुलांचा आणायचा यावरून दोन तट पडले होते. बाईंना ती जागा हवी होती का? होती. त्यांनी ते लपवले नाही. "त्या खोलीत बसायची मला हौस नाही," त्या मला म्हणाल्या होत्या. "पण त्या खोलीतून एक आदेश काढायचाय. या शाळेत कुणी कुठल्या मुलाला 'गप्प बस' म्हणायचं नाही. लहानपणी मला फार वेळा सांगितलंय तसं."

त्या दिवसांत दारूच्या परवान्यासाठी वयाची अट किती असावी, यावर गावात जिकडेतिकडे चर्चा चाले. पंचविशीची अट होती. ती एकविसावर आणावी असे काहींचे म्हणणे, आणि आणली तर पिढी बुडेल असे बाकीच्यांचे. चिटणिसांनी ठरवले, की स्नेहसंमेलनात शिक्षकांचा वादविवाद याच विषयावर ठेवावा. ठराव त्यांनीच लिहिला: "दारूच्या परवान्यासाठी किमान वय एकवीस असावे." प्रमुख पाहुणे म्हणून त्यांनी चांदवडचे अण्णा जाधव यांना बोलावले. अण्णा कांद्याचे शेतकरी, आणि आसपासच्या गावांतल्या हातभट्ट्या स्वतः लाथेने उलथून टाकणारे म्हणून नावाजलेले. बोलणारे दोघे: पगारे बाई आणि मी.

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. अण्णांची धाकटी कन्या वत्सला मला सांगून आली होती. मी तिला एकदाच पाहिले होते, आणि त्यानंतर दुसरे काहीही नीट पाहू शकत नव्हतो. अण्णांनी होकार दिला नव्हता. "मास्तर बोलतो कसा ते बघू," असे ते म्हणाल्याचे माझ्या कानावर आले होते. म्हणजे माझा भावी सासरा, हातभट्ट्या उलथणारा, पहिल्या रांगेत बसणार. आणि तपकिरी चिंचोका आला तर मी त्याच्यासमोर उभा राहून एकविसाव्या वर्षी दारू द्या म्हणून कंठशोष करणार.

तो पांढरा चिंचोका घासताना एका अंगाला किंचित चपटा झाला होता. बाईंना ते माहीत नव्हते. डबी त्या नेहमी इतरांपुढे धरीत, स्वतः हात घालीत तो शेवटी, उरलेला चिंचोका उचलायला. मला मात्र शनिवारची सभा मांडून मांडून ते ठाऊक झाले होते. तरीही तोवर मी त्याचा कधी उपयोग केला नव्हता. त्या संध्याकाळी बाईंनी डबी पुढे केली. मी डोळे मिटले, बोटांनी चपटे अंग शोधले, आणि पांढरा चिंचोका वर काढला. मग मी शिंकलो. सभागृह हसले. अण्णाही हसले. माझ्या जिवात जीव आला.

बाईंनी उरलेला उचलला, पाहिला, आणि त्यांचे डोळे चमकले. कठीण बाजू वाट्याला आली की त्या अशाच खूष होत.

आधी बोललो मी. पंचविशीच्या आत माणसाची विवेकबुद्धी पक्व झालेली नसते, असा माझा मुख्य मुद्दा होता. तरुण माणूस क्षणिक सुखासाठी पुढचा विचार करीत नाही, मोहाच्या वेळी त्याला योग्यायोग्य कळत नाही, आणि झालेल्या हानीची जबाबदारीही तो घेत नाही, हे मी मुठी आवळून सांगितले. माझे वय तेव्हा चोवीस होते. माझ्या म्हणण्याचा इतका सबळ पुरावा सभागृहात दुसरा कुठलाच नव्हता. तो माझ्या उजव्या मुठीत होता.

मग बाई उठल्या.

"अध्यक्ष महाराज, निकम सर म्हणाले, एकविसाव्या वर्षी अक्कल नसते. याच एकवीस वर्षांच्या माणसाला आपण मत देऊ देतो. देशाचं सरकार कुणी चालवायचं हे तो ठरवतो. ते ठरवायला अक्कल लागत नसेल, तर तसं जाहीर करा. आणि लागत असेल, तर ती पेला पाहिल्यावर कुठं जाते ते सांगा." सभागृहात हशा पिकला. "एकविसाव्या वर्षी तो आग्रा रोडवर ट्रक चालवतो, सैन्यात जाऊन बंदूक चालवतो, लग्न करून संसार चालवतो. या तिन्हींत जिवाला धोका आहे." पुरुष मंडळींनी बाके बडवली. पगारे साहेब एकटेच गंभीर राहिले.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "कायदा दारात उभा राहून वय विचारतो. हातभट्टी वय विचारत नाही. परवाना नाकारलेला पोरगा घरी जाऊन दूध पितो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. तो मागच्या गल्लीत जातो, आणि जे पितो त्यानं त्याचे डोळे जातात. तुमची पंचविशीची अट त्याला दारूपासून वाचवत नाही. ती फक्त तुम्हाला त्याच्याकडे बघण्यापासून वाचवते."

घंटी त्यांनी स्वतःच दोनदा वाजवली, आणि बसल्या. मतदान झाले तेव्हा त्यांच्या बाजूचे हात मोजण्याची गरज पडली नाही. चिटणिसांनी लवंग गिळली असावी. ते बराच वेळ खोकत होते.

दुसऱ्या दिवशी गावात बातमी पसरली ती अशी: शाळेतली एक बाई पोरांना दारू द्या म्हणते. डबी, चिंचोके, उलट बाजू, हे सारे वाटेत गळून पडले. ज्या बाई रोज सकाळी पंचशील म्हणत, आणि ज्यांचे पाचवे शील मद्याला न शिवण्याचे होते, त्या नाशिकमध्ये दारूच्या कैवारी ठरल्या.

सर्वांत आधी आला दगडू. शाळेच्या फाटकात, झेंडूचा हार घेऊन, किंचित डुलत. "बाई, आमच्या बाजूनं बोलनारं कुनीतरी निघालं!"

"दगडू, तुझं वय काय?"

"असंल चाळीस."

"मग हा कायदा तुला लागू नाही. हार हौसाला घाल."

दोन दिवसांनी बायकांचा मोर्चा आला. "पगारे बाई, हाय हाय!" बाई तास सोडून फाटकाशी गेल्या. मी मागे होतो. बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मुद्दा?"

मोर्चा गोंधळला.

"'हाय हाय' हा मुद्दा नाही. तुम्ही बरोबर आहात, पण तुम्हाला बोलता येत नाहीये. माझ्या भाषणात एक भोक होतं, ते निकम सरांना दिसलं नाही. मी म्हटलं, बंदूक चालवतो तर दारू का नको. तुम्ही विचारा, बंदूक द्यायच्या आधी सैन्यात शिकवतात. दारूचं शिक्षण कोण देतं? आणि माझं शेवटचं वाक्य आहे ना, ते तर सरळ उलटं फिरवता येतं." पायरीवर बसून त्यांनी बायकांना स्वतःच्याच भाषणाविरुद्ध चार खणखणीत मुद्दे सांगितले आणि त्यांतल्या एकीकडून म्हणवूनही घेतले. मोर्चा परत गेला तो घोषणा बदलून. पुढे त्या बायका गुत्ते बंद करायला निघत तेव्हा आधी बाईंकडे भाषणाची तालीम करून जात.

हे सगळे गमतीचे. संस्थेच्या समितीची बैठक मात्र गमतीची नव्हती. बाईंना बोलावले, आणि दुसरा वक्ता म्हणून मलाही. चिटणीस म्हणाले, "बाई, माणसं म्हणतात, डबी तुमची, चिंचोके तुमचे. गाजायला सोपी बाजू तुम्हालाच बरी मिळाली. एवढंच म्हणा, की चूक झाली. मग पुढचं सगळं ठरल्यासारखं होईल."

पुढचे म्हणजे काय, ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होते.

"चूक झाली असती तर मी न सांगता म्हटलं असतं," बाई म्हणाल्या. "बाजू डबीतून आली. डबी खोटी असेल तर तसं दाखवा, आत्ता इथं माफी मागते. खरी असेल, तर कशाची माफी मागू? नको तिथं माफी मागितली, तर हवी तिथं मागायला उरत नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आधी हात निकम सरांनी घातला. त्यांनाच विचारा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. साखरपुड्याचा दिवस ठरला होता. मी म्हणालो, "मला तसं काही जाणवलं नाही."

वाक्य सभ्य होते. ते ना बाईंना सोडवत होते, ना मला अडकवत होते. बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले; मला वाटते, "मुद्दा?" असे विचारण्याचे त्यांच्या ओठांवर आले होते. पण त्यांनी विचारले नाही. त्या माफी न मागता उठल्या, आणि मुख्याध्यापकाची जागा बाहेरून आलेल्या एका सज्जन गृहस्थांना मिळाली.

ते गृहस्थ खरोखर सज्जन होते, पण सभेत उभे राहिले की त्यांना घाम फुटे. त्यांची भाषणे वर्षानुवर्षे बाईंनी लिहून दिली. सवयीने त्या दोन्ही बाजू लिहीत, आणि एकदा पालकसभेत मुख्याध्यापकांनी दोन्ही पाने ओळीने वाचून टाकली. गृहपाठ आवश्यक आहे हे आधी, गृहपाठ निरुपयोगी आहे हे नंतर. पालक म्हणाले, एवढा समतोल विचार करणारा मुख्याध्यापक शाळेला प्रथमच लाभला. बाई मागच्या रांगेत बसून पदराने तोंड झाकून हसत होत्या. मी हसू शकलो नाही. ती पाने बाईंनी स्वतः वाचायची होती.

माझ्या लग्नाला बाई आल्या आणि आहेरात एक लहान पितळी घंटी देऊन गेल्या. "ज्याचं बोलणं फार झालं असेल, त्यानं ती आपण होऊन दुसऱ्याच्या हाती द्यायची," असे त्यांनी वत्सलेला बजावले. वत्सलेने ती आजवर माझ्या हाती दिलेली नाही.

ऐंशीचे दशक माझे सांगायच्या तयारीत गेले. मी बाईंकडे जाई, हवापाण्याचे बोले. "मुद्दा?" बाई विचारीत. "काही नाही, सहज आलो होतो," मी म्हणे, आणि पोहे खाऊन परत येई. शेवटी एकदा वत्सलेला सांगितले. ती चपात्या लाटत होती. लाटणे थांबले.

"म्हणजे माझं लग्न चिंचोक्यावर ठरलं?"

"तसं नव्हे, अण्णांना राग आला असता..."

"अण्णांनाच विचारू या की," ती म्हणाली. आणि पुढच्या खेपेला अण्णा चांदवडहून कांद्याचे पोते घेऊन आले, तेव्हा तिने खरोखरच विचारले.

अण्णा सगळे ऐकून घेऊन खो खो हसले. "जावईबापू, त्या दिशी तुम्ही काय बोलले, ते मला येक अक्षर आठवत नाय. त्या बाईचं मातर सगळं ध्यानात हाय. लय भारी बोलली! 'हातभट्टी वय विचारत नाय.' अवो, तेच वाक्य घिऊन म्या पुढं गावोगाव हिंडलो."

"पण तुम्ही म्हणाला होतात, मास्तर बोलतो कसा ते बघू."

"तोंडातून आवाज निघतो का, येवढंच बघायचं व्हतं," अण्णा म्हणाले. "दारूच्या बाजूनं बोलला असता तरी पोरगी दिलीच असती. तुमच्याकडं बघून कुनाला वाटंल का, ह्यो पीत असंल म्हनून?"

ज्या भीतीपोटी मी ते केले, ती भीती मुळी अस्तित्वातच नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि शेजारी वत्सला अधूनमधून अंधारात हसत होती.

दशक संपता संपता बाई निवृत्त झाल्या. इंदिरानगरात त्यांनी लहानसे घर बांधले होते. निरोपसमारंभाला त्यांनी एकच अट घातली: कुणी स्तुती करायची नाही. "स्तुती तर तुम्ही मनातलीच करणार," त्या म्हणाल्या. "त्यात कसब ते काय?" त्याऐवजी वादसभा ठेवायची. ठराव: "पगारे बाई शाळेला मिळाल्या हे बरे झाले." डबी फिरेल, पांढरा चिंचोका ज्याच्या हाती येईल त्याने बाईंविरुद्ध बोलायचे.

समारंभाला धमाल आली. पांढरा चिंचोका आलेल्या शिपायाने बाईंच्या सायकलमुळे फाटक कसे झिजले ते सांगितले. मुख्याध्यापकांच्या वाट्यालाही पांढराच आला, घाम पुसत ते म्हणाले, "बाईंनी... बाईंनी मला बोलायला शिकवलं नाही. लिहून दिलं." आणि बसले. त्यांचे ते एकमेव न लिहिलेले भाषण. पहिल्या रांगेत चिटणीस होते, आता पुष्कळ म्हातारे, गालात लवंग. पगारे साहेब होते, वत्सला होती. डबी माझ्यापर्यंत आली.

मी डोळे मिटले. बोटांना चपटे अंग लगेच सापडले. इतक्या वर्षांनीही बोटे ते विसरली नव्हती. मी हात रिकामाच बाहेर काढला. तपकीर मात्र नाकात गेली होती, आणि मी शिंकलो. सभागृह हसले.

"चिंचोका?" बाई म्हणाल्या.

"मला आज आपल्याच मनातलं बोलायचंय, बाई. पहिल्यांदाच." आणि मी सांगितले. पांढरा चिंचोका एका अंगाने चपटा आहे. मला ते ठाऊक होते. त्या संध्याकाळी बाईंच्या वाट्याला आलेली बाजू डबीने दिली नव्हती, मी दिली होती.

कुणी हसले नाही. बाईंनी डबी ओढून घेतली. डोळे मिटले. दोन्ही चिंचोके एकेक करून बोटांत फिरवले, आणि एकावर त्यांचा अंगठा थांबला. इतकी वर्षे स्वतः बाळगलेल्या वस्तूची ओळख त्यांना आता पटत होती. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिले. चष्म्याची काडी अजून दोऱ्याने बांधलेलीच होती. त्यांचा तो चेहरा, आणि चिमटीत धरलेला तो पांढरा चिंचोका, मला आजही जसाच्या तसा दिसतो.

मी घाईने बोलू लागलो. वत्सला सांगून आली होती, अण्णा समोर बसले होते, समितीपुढे माझी जीभ अडखळली. "आणि बाई, माझं वय तेव्हा चोवीस होतं. चोवीस वर्षांच्या माणसाला एवढी समज..."

घंटी वाजली.

"वयाचा मुद्दा तुम्ही त्याच दिवशी मांडला होता, निकम सर," बाई म्हणाल्या. हात घंटीवरच होता. "पुनरुक्ती नको. मुद्दा?"

मी पहिल्या रांगेतल्या चिटणिसांकडे पाहिले, मग बाईंकडे, आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे म्हणालो,

"तुम्ही खऱ्या होतात, बाई. खोटा मी होतो. त्या दिवशी माफी मी मागायची होती. मला माफ करा."